समुद्रातील बारीक कवचधारी प्राण्यांची 'नवी प्रजाती' नेमकी ठरते कशी?

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. अमुक समुद्रात नवी प्रजाती सापडली अशी बातमी वाचली की तो प्राणी जाळ्यात आला त्याच क्षणी नवा ठरला, अशी त्यांची समजूत होते. जाळ्यात येतो तो नुसता प्राणी. तो नवा आहे हे पुढे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे टेबलाशी बसून ठरवावे लागते, आणि हे ठरवणे म्हणजे मुख्यतः तो जुना नाही हे दाखवून देणे असते. शेत घेण्याआधी आपण सातबारा, फेरफार आणि जुने उतारे मागे मागे जाऊन तपासतो, तसेच हे काम आहे. फरक इतकाच की येथील दप्तर १७५८ सालापासूनचे आहे आणि ते लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा अनेक भाषांत विखुरलेले आहे. समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनाही या कामात जागा आहे असे माझे मत असल्याने हा धागा काढत आहे.

आधी प्राण्यांची ओळख करून देतो. खेकडा, कोळंबी, शेवंड हे ताटात येणारे कवचधारी सर्वांना ठाऊक असतात. प्रजातींच्या संख्येत त्यांच्या बरोबरीने उभे राहणारे बारीक गट मात्र सहसा नजरेस पडत नाहीत. कोपेपॉड हे बहुधा एक-दोन मिलिमीटरचे प्राणी. काही पाण्यात तरंगतात, काही वाळूच्या कणांमधील फटींत राहतात, तर पुष्कळसे माशांच्या अंगावर परजीवी म्हणून जगतात. अँफिपॉड दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे दिसतात, पुळणीवर ओल्या शेवाळाखालून टुणकन उडतात आणि सर्वांत खोल सागरी गर्तांच्या तळापर्यंतही पोहोचलेले आहेत. आयसोपॉड वरून खाली चपटे असतात. पावसाळ्यात कुंडीखाली सापडणारा आणि हात लावताच गोळी होणारा प्राणी हा त्यांचाच जमिनीवर आलेला भाऊबंद आहे. या तिन्ही गटांत प्रत्येकी दहा हजारांहून अधिक प्रजातींना आजवर नावे मिळालेली आहेत.

तरीही निनावी प्रजाती इतक्या का उरल्या, याचे एक कारण त्यांच्या प्रजननात आहे. अँफिपॉड आणि आयसोपॉड यांची मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते आणि पिल्ले बाहेर पडतात तेव्हा ती जवळजवळ आईबापांसारखीच दिसतात. प्रवाहाबरोबर दूर वाहून जाणारी अळीची अवस्था त्यांच्यात नसल्यामुळे एका खाडीतील वस्ती शेजारच्या खाडीतील वस्तीपासून लवकर तुटते आणि कालांतराने वेगळी होते. दुसरे कारण म्हणजे खोल समुद्र मुळात फारसा तपासलेलाच नाही. प्रशांत महासागरातील क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्याबद्दल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथे सुमारे ५,५७८ प्राणिप्रजाती असाव्यात आणि त्यांपैकी नऊ दशांश प्रजातींना अद्याप नाव नाही असा अंदाज मांडण्यात आला. त्यांत संधिपाद प्राण्यांचा (कवचधारी यांतच मोडतात) वाटा सर्वांत मोठा आहे.

आता प्रत्यक्ष काम. चार-पाच मिलिमीटरचा अँफिपॉड ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून, कीटकांसाठी वापरतात त्या अतिबारीक टाचण्यांच्या सुयांनी त्याचे एकेक उपांग सुटे करावे लागते. शृंगिकांच्या दोन जोड्या, जबडे आणि त्यामागील मुखांगे, छातीच्या पायांच्या सात जोड्या (त्यांपैकी पहिल्या दोन पकडीसारख्या असतात, त्यांना नॅथोपॉड म्हणतात), पोहण्याच्या पायांच्या तीन जोड्या, युरोपॉडांच्या, म्हणजे शेपटीकडच्या पायांच्या, तीन जोड्या आणि शेवटचा टेल्सन, म्हणजे शेपटीच्या टोकाचा तुकडा, असे सर्व भाग काचपट्ट्यांवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रेखाचित्रे काढली जातात. कोणत्या सांध्यावर किती काटे आहेत, त्यांचे टोक साधे आहे की दुभंगलेले, नॅथोपॉडच्या तळव्याची कड सरळ आहे की दातेरी, ही सगळी वैशिष्ट्ये नोंदवावी लागतात. कॅमेरे एवढे सुधारले तरी रेखाचित्र टिकून आहे, कारण छायाचित्रात एकाच पातळीवरचे स्पष्ट दिसते आणि चित्रकार मात्र सर्व पातळ्यांवरचे पाहून एकाच रेषेत आणू शकतो.

यानंतर त्या वंशातील प्रत्येक ज्ञात प्रजातीच्या मूळ वर्णनाशी तुलना सुरू होते. माझ्या मते खरा घाम येथे गळतो. शंभर वर्षांपूर्वीचे वर्णन कित्येकदा दहा-बारा ओळींचे असते आणि त्यासोबतच्या एकुलत्या चित्रात नेमके हवे ते उपांग नसते. मग ज्या नमुन्यावरून ते नाव दिले गेले तो मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, कोणत्या संग्रहालयात आहे हे शोधावे लागते आणि तो पुन्हा तपासावा लागतो.

धुळेकर

सर, विवेचन उत्तम आहे. परंतु एक शंका उरते. आज डीएनए वाचणे इतके स्वस्त झालेले असताना केसांची आणि काट्यांची मोजदाद कशासाठी करत बसावे? प्राण्याचा एक पाय प्रयोगशाळेत पाठवला आणि आलेला क्रम जुन्या नोंदींशी जुळला नाही, तर तो नवा असे म्हणून मोकळे का होऊ नये?

तापीकाठ (जळगाव)

धुळेकर भाऊ, प्रश्न अगदी योग्य आहे. प्राण्यांसाठी सर्वसाधारणपणे पेशीतील तंतुकणिकेत असणाऱ्या सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचला जातो. पण 'जुन्या नोंदींशी जुळला नाही' याचा अर्थ एवढाच की संगणकीय संग्रहात त्याची जोडी नाही. एकोणिसाव्या शतकात नाव मिळालेल्या बहुसंख्य प्रजातींचा क्रम त्या संग्रहात कोणी घातलेलाच नाही, आणि त्यांचे मूळ नमुने फॉर्मॅलिनमध्ये किंवा जुन्या मद्यार्कात असल्यामुळे त्यांतून डीएनए मिळणे बहुधा अवघड जाते. म्हणजे जुळणी न होणे हा प्राणी नवा असल्याचा पुरावा होत नाही. ती जुनीच, पण कधी न वाचलेली प्रजाती असू शकते. शिवाय कवचधारींमध्ये या जनुकाच्या निकामी प्रती पेशीकेंद्रकात शिरलेल्या आढळतात. चुकून तशी प्रत वाचली गेली तर अस्तित्वात नसलेल्या प्रजाती कागदावर जन्माला येतात. दोन क्रमांत किती टक्के फरक असला म्हणजे प्रजाती वेगळ्या मानाव्यात, याचाही सर्व गटांना लागू पडणारा एक आकडा नाही.

डीएनए निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. उलट डोळ्यांना जे दिसले नसते ते त्याने कितीदा तरी दाखवून दिले आहे. खोल समुद्रात मेलेल्या माशांवर तुटून पडणारा युरिथेनिस ग्रायलस हा मोठा अँफिपॉड जवळजवळ सर्व महासागरांत पसरलेली एकच प्रजाती आहे असे दीर्घकाळ मानले जात होते. २०१३ मधील जनुकीय अभ्यासात त्या एका नावाखाली अनेक वेगळे वंशप्रवाह दडलेले असल्याचे आणि सुमारे ३,००० मीटर खोलीच्या आसपास त्यांच्यात मोठी फारकत होत असल्याचे दिसले. त्याच वंशातील युरिथेनिस प्लास्टिकस ही प्रजाती २०२० मध्ये मारियाना गर्तेतून, ६,००० मीटरहून अधिक खोलीवरून वर्णिली गेली. एका नमुन्याच्या पोटात बाटल्यांच्या प्लास्टिकशी जुळणारा सूक्ष्म धागा सापडला आणि त्यावरून तिला ते नाव मिळाले. तेथेही जनुकीय पुरावा आणि शरीररचना हे दोन्ही एकत्र मांडलेले आहेत.

नवापूरची वाचक

मी शास्त्राची विद्यार्थिनी नाही, त्यामुळे प्रश्न अगदीच घरगुती वाटल्यास क्षमा असावी. आमच्याकडे सुरतेच्या बाजूने बर्फातून बांगडा येतो. तो साफ करताना कल्ल्यांच्या झाकणाखाली कधी कधी पांढुरका, बोटाच्या पेराएवढा, असंख्य पायांचा प्राणी चिकटलेला आढळतो. त्याचे अंग एका कुशीला वळल्यासारखे वाकडे असते आणि शेजारी अगदी तसाच, पण बराच लहान असा दुसराही असतो. मोठा आणि लहान हे दोन वेगळे प्रकार आहेत का? आणि अशा प्राण्याची कोणी नोंद केलेली असेल का?

खाडीपलीकडे (मूळ चोपडा, सध्या कोची)

ताई, प्रश्न घरगुती असला तरी या विषयाच्या गाभ्याचा आहे. तुमच्या वर्णनावरून तो बहुधा सायमोथॉइडी या कुलातील आयसोपॉड असावा, आणि बांगड्याच्या कल्ल्यांत असे वाकडे अंग दिसले की सर्वप्रथम नोरिलेका इंडिका या प्रजातीचा विचार करावा लागतो. तिचे वर्णन १८४० मध्ये झालेले आहे आणि भारताच्या किनाऱ्यावरील बांगड्यांतून तिच्या नोंदी आहेत. प्रत्यक्ष नमुना पाहिल्याशिवाय खात्रीने नाव सांगता येणार नाही, हे अर्थातच आले.

मोठा आणि लहान हे बहुधा एकाच प्रजातीचे आहेत. या कुलातील प्राणी आधी नर असतात आणि पुढे मादी होतात. आईच्या पिशवीतून बाहेर पडलेले पिल्लू पायांच्या सहाच जोड्या घेऊन पोहत पोहत मासा शोधते, त्याला चिकटल्यावर नर म्हणून वाढते आणि जागा मोकळी असल्यास मादी बनते. मादी कल्ल्याच्या पोकळीत वाढत असल्यामुळे त्या पोकळीप्रमाणे तिचे अंग वळते, आणि ती डाव्या बाजूला आहे की उजव्या यावर वळणाची दिशा ठरते. एकाच प्राण्याची अशी वेगवेगळी रूपे लक्षात न घेता पूर्वीच्या अभ्यासकांनी नर, मादी आणि पिल्लू यांना स्वतंत्र नावे दिल्याची उदाहरणे या गटात आहेत. अशी नावे नंतर एकत्र करावी लागतात, आणि तेव्हा सर्वांत आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते व बाकीची समानार्थी म्हणून बाजूला होतात.

हीच अडचण अन्य गटांतही निराळ्या रूपाने येते. कोपेपॉडांत अंड्यातून बाहेर आल्यावर सहा नॉप्लियस (अळीच्या) अवस्था आणि त्यानंतर पाच कोपेपोडिड (प्रौढासारख्या दिसणाऱ्या पिल्लाच्या) अवस्था होतात, मग प्राणी प्रौढ होतो. पाचव्या कोपेपोडिडला प्रौढ समजून वर्णन केले तर ते वर्णन कोणाच्याच कामाचे राहत नाही. कॅलॅनॉइड कोपेपॉडांत नराच्या पाचव्या पायावर प्रजातीची ओळख बऱ्याच अंशी अवलंबून असते, तर कित्येक अँफिपॉडांत नराचा दुसरा नॅथोपॉड निर्णायक ठरतो आणि जवळच्या प्रजातींच्या माद्या वेगळ्या करणे जवळजवळ अशक्य होते. वयाबरोबर शृंगिकेच्या पेरांची संख्याही वाढते. म्हणून 'याला चौदा पेरे आहेत, त्याला अठरा' एवढ्यावरून दोन प्रजाती केल्या गेल्याचे दिसले की मला आधी शंका येते.

आणखी एक मुद्दा, जो विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. बाजारातील मासा नेमका कोठे पकडला गेला हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. त्याच्याकडे तो वेरावळहून, मुंबईहून किंवा आणखी दूरून आलेला असू शकतो. तशा माशावर एखादा खरोखरच अनोळखी प्राणी मिळाला, तरी त्याला नव्या प्रजातीचा आधारनमुना (होलोटाइप) करणे फार कच्चे काम होईल, कारण पुढच्या अभ्यासकाला त्याच ठिकाणी जाऊन तो पुन्हा मिळवता येणार नाही. बाजारातील नमुना शिकण्यासाठी उत्तम आहे. नाव देण्यासाठी बोटीवरून, ठिकाणाच्या नोंदीसह घेतलेलाच नमुना हवा.

शिरपूरचा शेतकरी

चर्चा रंजक आहे, पण स्पष्ट विचारतो. एका मिलिमीटरच्या प्राण्याला नाव मिळाल्याने कोणाचे काय भले होते?

खाडीपलीकडे

दादा, एक सरळ उदाहरण देते. मध्य हिंद महासागराच्या तळावरील बहुधातू गोट्यांच्या शोधासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे. उद्या तेथे खणायचे ठरले तर तळावरील कोणते प्राणी फक्त त्याच पट्ट्यात राहतात आणि कोणते इतरत्रही आहेत, हे आधी सांगावे लागेल. ज्याला नावच नाही तो शेजारच्या क्षेत्रात आहे की नाही हे दोन जहाजांवरील दोन अभ्यासक एकमेकांना कसे सांगणार? एकाच्या यादीत तो 'अँफिपॉड क्रमांक ७' असतो, दुसऱ्याच्या यादीत 'प्रजाती ब'. दोन याद्या एकमेकींशी पडताळता येतील तर त्या नावामुळेच.

अमळनेरकर

नावाचाच विषय निघाला आहे तर नियमांची बाजू मांडतो. प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहिता आहे आणि तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. त्यानुसार नवे नाव लॅटिन लिपीत हवे, प्रजाती नवी असल्याचे लेखात स्पष्ट म्हटलेले हवे, ती इतरांपासून वेगळी कशी हे सांगणारे वर्णन हवे, आधारनमुना निश्चित केलेला हवा आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे हेही नमूद हवे. फक्त इंटरनेटवरील नियतकालिकात प्रसिद्ध झालेले नाव २०१२ पासून ग्राह्य धरले जाते, मात्र त्यासाठी झूबँक या अधिकृत नोंदवहीत त्या लेखाची आधी नोंद असावी लागते. वृत्तपत्रातील बातमीला येथे काहीही किंमत नाही. स्वतःचेच नाव प्रजातीला देण्यास संहिता थेट मनाई करत नाही, पण असे करणाऱ्याचे हसे होते.

आपल्या देशाचा कायदाही विसरू नये. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे कोणालाही नवा वर्ग किंवा प्रजाती आढळल्यास त्याने ती नेमून दिलेल्या संस्थेला कळवणे आणि पुराव्याचा नमुना तेथे जमा करणे आवश्यक आहे. प्राण्यांसाठी कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि सागरी जीवांसाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही अशी ठिकाणे आहेत. महाविद्यालयाच्या कपाटात बाटली ठेवून 'होलोटाइप आमच्याकडे आहे' असे लिहिणे योग्य नव्हे. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते निवृत्त झाले की बाटलीतील मद्यार्क उडून जातो आणि पुढे बाटलीच राहत नाही.

धुळेकर

एकाच नमुन्यावरून नवी प्रजाती जाहीर करता येते का? की किमान काही संख्या लागते?

तापीकाठ (जळगाव)

संहितेच्या दृष्टीने एक नमुना पुरेसा आहे, आणि खोल समुद्रात तसे करावेही लागते, कारण तेथील बऱ्याच प्रजाती एका-दोन नमुन्यांतूनच माहीत झालेल्या असतात; जहाज पुन्हा केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. परंतु ज्या खाडीत आपण पुढच्या ओहोटीला पुन्हा जाऊ शकतो, तेथील एकाच मादीवरून घाईने नाव देण्याला माझा विरोध आहे. नर, मादी, पिल्ले आणि शक्य तर दोन वेगळ्या ठिकाणचे नमुने एवढे तरी हाती असावे. येथे काही जाणकारांचे मत वेगळे आहे, हे मी जाणतो. निनावी ठेवण्यापेक्षा एका नमुन्यावरून चांगले वर्णन झालेले बरे, असे ते म्हणतात आणि त्यात तथ्य नाही असे नाही.

पारोळ्याचा विद्यार्थी

सर, मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. आमच्या महाविद्यालयात साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक आहे, समुद्र मात्र नाही. माझ्यासारख्याने नेमके काय करावे?

तापीकाठ (जळगाव)

बाळा, समुद्र नसणे ही जितकी वाटते तितकी मोठी अडचण नाही. नॉर्वेच्या जॉर्ज ओसियन सार्स यांनी १८८५ मध्ये ऑस्ट्रेलियातून वाळवून आणलेला चिखल आपल्या घरी पाण्यात भिजवला, त्यातील टिकाऊ अंड्यांतून बारीक कवचधारी वाढवले आणि डॅफ्निया लुमहोल्ट्झी या प्रजातीचे वर्णन केले. ती गोड्या पाण्यातील आहे आणि भारतातील जलाशयांतही आढळते. भारतीय समुद्रातील कोपेपॉडांवर १९२९ आणि १९३२ मध्ये मोठे लेखन करणारे सेमूर सेवेल हे तेव्हा प्राणी सर्वेक्षणाचे संचालक होते, आणि त्यांच्या जुन्या ग्रंथांची पाने आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात. पूर्वी त्यासाठी कोलकात्याला जावे लागत असे.

आपल्या दृष्टीने सोयीची गोष्ट म्हणजे तापी. नंदुरबारहून सुरतेला थेट रेल्वे आहे आणि नदी तेथे खंभातच्या आखाताला मिळते. मुखाजवळच्या चिखलात अँफिपॉड असतात आणि कोपेपॉडांतील हार्पॅक्टिकॉइड गटही असतो. मात्र खंभातच्या आखातातील भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी असल्याने तेथे स्थानिक कोळी बांधवांच्या सोबतीशिवाय आणि वेळापत्रक पाहिल्याशिवाय चिखलात उतरू नये. चिखल धुण्यासाठी अर्ध्या मिलिमीटरची चाळणी अँफिपॉडांना पुरते. हार्पॅक्टिकॉइडांसाठी ६३ मायक्रॉनची लागते. डीएनए वाचायचा असेल तर नमुने फॉर्मॅलिनमध्ये न घालता ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावेत. ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत घालावी. बाहेर चिकटवलेली पुसली जाते आणि शाईची इथेनॉलमध्ये विरघळते.

पण लगेच नव्याच्या मागे लागू नये. नवापूरच्या ताईंनी सांगितलेला आयसोपॉड मिळवावा. नोरिलेकाचे १८४० चे मूळ वर्णन आणि अलीकडचे सविस्तर पुनर्वर्णन शेजारी ठेवून नर, मादी आणि मिळाल्यास पिशवीतील पिल्ले यांची सर्व उपांगे सुटी करून रेखाटावीत, आणि काढलेली चित्रे येथे टाकावीत. माहीत असलेल्या प्रजातीचे वर्णन मूळ वर्णनाशी ताडून पाहिले म्हणजे फरक कोणता, प्राण्यागणिक बदल कोणता आणि वयाचा परिणाम कोणता, हे हाताला कळू लागते.

खाडीपलीकडे

चित्रे जरूर टाकावीत, मी तपासून देईन. प्रत्येक चित्राखाली मोजपट्टी असावी आणि कोणत्या बाजूचे उपांग आहे हे लिहिलेले असावे. प्राणी कल्ल्यातून काढण्याआधी माशाची डावी बाजू की उजवी, याची नोंद करून मगच चिमटा लावावा. एकदा बाहेर काढल्यावर ती माहिती परत मिळत नाही. मॅक्सिलिपेड (जबड्यांमागील पायासारखे मुखांग) वेगळा करताना मादीच्या पिशवीच्या पाळ्या फाटण्याची शक्यता असते, म्हणून मुखांगांची सुरुवात नरापासून करावी.

पारोळ्याचा विद्यार्थी

आभारी आहे, सर आणि ताई. येत्या रविवारी जळगावच्या मासळी बाजारात जाऊन बांगडा पाहतो. ताई, मॅक्सिलिपेडसाठी साध्या ग्लिसरिनमधील काचपट्टी चालेल, की कायमस्वरूपी बसवावी लागेल?

खाडीपलीकडे

आधी साध्या ग्लिसरिनमध्येच पाहावे, कारण उपांग उलटसुलट करून पाहता येते. चित्र पूर्ण झाल्यावर ग्लिसरिन जेलीत बसवून कडा नेलपॉलिशने बंद कराव्यात आणि काचपट्टीवर बाटलीवरील क्रमांकच घालावा.